दुसऱ्या बॅटरीची बखर

दिवसा वाट चालणारी आणि रात्री घर होणारी जी मोटार युरोपात कॅम्पर या नावाने ओळखली जाते, तिच्या पोटात बहुधा दोन बॅटऱ्या असतात: पहिली इंजिनाला जाग आणणारी, आणि दुसरी, जिला इंग्लंडातील मंडळी लीझर बॅटरी म्हणतात ती, इंजिन बंद झाल्यावर दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज आणि हीटर यांचा संसार चालविणारी. दिवसभर गाडी हाकूनही संध्याकाळी ही दुसरी बॅटरी रिकामीच आढळावी, मुक्कामावर पोचून तासाभरात दिवे मंदावत जावेत, ही तक्रार ती बॅटरी गाडीत आली तेव्हापासूनची आहे. आणि तिच्याविषयी मला जे सांगावयाचे आहे ते असे की, तक्रार एकच असली तरी तिचे कारण पिढीगणिक बदलत आले आहे, आणि एका पिढीने शोधून काढलेला इलाज पुष्कळदा पुढच्या पिढीच्या दुखण्याचे मूळ ठरला आहे. म्हणून हा दोष शोधू पाहणाऱ्याने हातात मीटर घेण्यापूर्वी गाडीच्या जन्माचे साल विचारावे, आणि त्या सालाचा अर्थ कळण्यापुरता इतिहास त्याला अवगत असावा, असे माझे ठाम मत आहे.

बॅटरी भरावयाची कशी, हा प्रश्न बॅटरीबरोबरच जन्माला आला. पॅरिसमधील गास्ताँ प्लांते या पदार्थविज्ञानवेत्त्याने १८५९ साली शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांस चिकटू नयेत अशी मध्ये पट्ट्यांची तजवीज केली, त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडविली. या गुंडाळीतून उलटसुलट प्रवाह पुनःपुन्हा सोडीत गेले की एका पत्र्यावर लेड डायॉक्साइडचा तपकिरी थर चढे, दुसऱ्याचा पृष्ठभाग सच्छिद्र होई, आणि मग ती वीज साठवू लागे. दुसऱ्याच वर्षी त्याने नऊ घटांची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली. परंतु पत्र्यांना ही सिद्धी प्राप्त होण्यास महिनेच्या महिने लागत, आणि त्यासाठी लागणारी वीज आणावयाची ती जस्त खाऊन संपणाऱ्या प्राथमिक घटांतून, कारण व्यवहारोपयोगी डायनॅमो अद्याप निघावयाचा होता. साठवण्याचे साधन सिद्ध झाले आणि भरण्याचे साधन नाही, अशा अवस्थेत प्लांतेची ही विलक्षण पेटी वीस वर्षे प्रयोगशाळेतच राहिली.

तिला बाहेर काढले ते कामीय फोर याने. १८८१ साली त्याने शिशाच्या पत्र्यांवर शेंदराचा लेप चढविला. हनुमंताच्या मूर्तीला आपण जो वाहतो, तेच शिशाचे तांबडे भस्म. या लेपामुळे महिन्यांचे काम फार थोड्या अवधीत होऊ लागले आणि पत्र्याची धारणशक्तीही कितीतरी वाढली. त्याच वर्षी अशी एक भरलेली पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम टॉमसन याच्याकडे, म्हणजे पुढे जो लॉर्ड केल्व्हिन झाला त्याच्याकडे, पाठविण्यात आली. बहात्तर तासांच्या प्रवासानंतरही तिच्यात दहा लाख फूट-पौंडांची शक्ती शिल्लक आहे याचा गाजावाजा लंडनच्या ‘टाइम्स’मधून झाला. वीज पेटीत घालून देशांतरास नेता येते, ही गोष्ट त्या काळच्या वाचकाला केवढी अद्भुत वाटली असेल! कॅम्परची सारी कल्पना त्या पेटीत बीजरूपाने होती, असे मला वाटते.

या पेटीचा स्वभाव मात्र तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून पुढचा एकही दोष उलगडत नाही. वीज देत असताना तिच्या दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट साचत जाते आणि आम्ल पातळ होत जाते. भरताना हीच क्रिया उलट फिरते. म्हणून जुने मेकॅनिक काचेच्या नळीत तरंगणारा हायड्रोमीटर घेऊन प्रत्येक घटातील पाणी वर ओढीत आणि तरंगत्या दांडीवरचा आकडा वाचीत: १.२८ असला तर बॅटरी भरलेली, १.१५ च्या आसपास उतरला तर जवळजवळ रिकामी, आणि पाच घट एका पातळीवर असून सहावाच खाली असला तर ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी हातची गेलेली. तीच कथा आज व्होल्टमध्ये सांगतात: विश्रांत अवस्थेत १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. परंतु सल्फेटचे हे कण आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर त्यांचे कठीण स्फटिक बनतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. हिवाळाभर अंगणात उभी ठेवलेली कॅम्पर वसंतात बाहेर काढावी आणि चार्जिंग होत नाही म्हणून तारांना बोल लावावा, असे फार घडते. प्रत्यक्षात तारा निर्दोष असतात. घेणाऱ्याचीच शक्ती नष्ट झालेली असते. आणखी एक लक्षण असे की, भरत येणारी शिशाची बॅटरी प्रवाह आखडता घेते. पहिले चार हिस्से ती भराभर स्वीकारते, शेवटच्या पाचव्या हिश्शाला तास न् तास लावते. दोन तासांच्या प्रवासात ती तुडुंब भरावी ही अपेक्षा रसायनशास्त्राला कधीच मान्य नव्हती.

ज्या वर्षांत फोरची बॅटरी गाजत होती त्याच वर्षांत, १८८५ साली, नौदलातून निवृत्त झालेले डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची, महॉगनी लाकडाची घरगाडी बांधून घेतली आणि ती स्कॉटलंडपर्यंत नेली. हौसेसाठी, केवळ फिरण्यासाठी चाकांवरचे घर बाळगण्याची इंग्लंडातील वहिवाट सामान्यतः तेथून मोजतात. वाँडररमध्ये दिवे तेलाचे होते. पुढेही बराच काळ घरगाडीत तेल आणि नंतर गॅस यांचाच अंमल राहिला, कारण बॅटरीला भरणारे कोणी घोड्याच्या मागे बसविता येत नव्हते.

ती सोय मोटारीने केली. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसविला, तेव्हा हँडल मारण्याचा जाच गेला, आणि त्याचबरोबर प्रत्येक मोटारीत एक बॅटरी व तिला भरणारा डायनॅमो कायमचे नोकरीस लागले. या नोकरीने बॅटरीची जात मात्र बदलली. स्टार्टरला क्षणभर पण प्रचंड प्रवाह लागतो, म्हणून पत्रे पातळ आणि पुष्कळ. असल्या बॅटरीला रात्रभर दिवा पुरविण्याचे काम दिले आणि ती वारंवार तळाला नेली की तिचे पत्रे थोड्याच दिवसांत झडू लागतात. रात्रीच्या कामाला जाड पत्र्यांची बॅटरी हवी. डायनॅमोच्या शेजारी कट-आउट नावाची एक लहानशी पेटीही आली: डायनॅमोचा दाब बॅटरीहून वर चढला की तिच्यातील संपर्क जुळावा, आणि इंजिन थांबले की तुटावा, नाहीतर बॅटरीतील वीज उलट डायनॅमोत वाहून जाईल. या कट-आउटचे स्मरण ठेवावे. दुसऱ्या बॅटरीच्या दरवाजावर पुढे जो द्वारपाल बसला तो याच्याच वंशातला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत फोक्सवॅगनची टपोऱ्या तोंडाची व्हॅन १९५० साली निघाली, आणि दुसऱ्याच वर्षी वीडेनब्रुकच्या वेस्टफालिया कारखान्याने तिच्यात बसविता व काढता येणारी ‘कॅम्पिंग बॉक्स’ नावाची लाकडी मांडणी तयार केली. इंग्लंडात फोकस्टोनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्ड व्हॅनवर छत उचलणारी डॉर्मोबाइल बांधली. तेथील मोटारींवर त्या काळी परचेस टॅक्सचा मोठा बोजा होता. राहण्याची कायम सोय असलेल्या कॅम्परला त्यातून माफी होती, आणि ही सवलत १९७३ साली व्हॅट येईपर्यंत चालली. सरकारी फर्मानाने एखाद्या धंद्याला किती बळ येते, याचे हे एक नमुनेदार उदाहरण आहे. या पहिल्या पिढीच्या गाड्यांत स्वयंपाक गॅसवर, दिवा एखादाच, आणि बॅटरीही एकच. फोक्सवॅगनची तर १९६७ च्या नमुन्यापर्यंत सहाच व्होल्टची. रात्री पत्त्यांचा डाव लांबला की सकाळी ‘सेल्फ’ उचलत नसे आणि बिऱ्हाडातील सर्वांनी गाडी ढकलावी, एवढाच त्या काळचा दोष, आणि त्याचा इलाजही तेवढाच उघड.

त्यानंतर विजेची भूक वाढत गेली. पाण्याला पंप आला, नळीचे दिवे आले. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश तरुणांनी १९२२ साली शोधलेला, हलत्या भागांवाचून केवळ उष्णतेवर चालणारा फ्रिज कॅम्परमध्ये शिरला. गॅसवर तो काटकसरीने चाले, पण बारा व्होल्टवर लावला की तासाला आठ-दहा अँपिअर-तास वीज गिळी. तेव्हा निमूटपणे दुसरी बॅटरी आली. फोक्सवॅगनमध्ये ती इंजिनाच्या कप्प्यात डाव्या कोपऱ्यात बसली. १९७९ नंतरच्या नमुन्यात चालकाच्या बैठकीखाली.

दोन बॅटऱ्या तारेने कायम जोडून ठेवल्या तर तळाशी नळीने जोडलेल्या दोन हौदांप्रमाणे त्या बरोबरीनेच उतरणार, आणि सकाळी इंजिनही मुके राहणार. म्हणून इंजिन चालू असता जोडणारा आणि बंद होताच तोडणारा रिले मध्ये बसला. यालाच स्प्लिट चार्ज रिले म्हणतात. त्याला इशारा मिळतो तो डॅशबोर्डवरील चार्जिंगच्या तांबड्या दिव्याच्या तारेवरून: दिवा विझला, म्हणजे डायनॅमो वीज देऊ लागला, म्हणजे दरवाजा उघडावा. रचना सुबक खरी, परंतु डायनॅमोचा काळ तिला प्रतिकूल होता. गर्दीत इंजिन संथ फिरू लागले की डायनॅमोचे उत्पन्न जवळजवळ थांबे, आणि जे काही असेल ते हेडलाइट आणि वायपर खाऊन टाकीत. त्या सालांच्या गाडीत दुसरी बॅटरी भरत नाही अशी तक्रार आली तर कार्बन ब्रश, कळकट कम्युटेटर आणि सैल झालेला पट्टा ही पहिली तपासण्याची ठिकाणे. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० साली आपल्या व्हॅलियंट मोटारीत सिलिकॉन डायोडांचा अल्टरनेटर आणला आणि हळूहळू सर्वत्र डायनॅमोची सद्दी संपली. अल्टरनेटर संथ इंजिनावरही वीज देतो आणि सव्वाचौदा व्होल्टच्या आसपास इमानाने टिकून राहतो. त्यानंतरची चाळीस वर्षे हा दुसऱ्या बॅटरीचा सुखाचा काळ होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

सुखाच्या काळातही दोष होते, पण ते बहुतेक सारे वाटेतले. काही कारागिरांनी रिलेऐवजी दोन डायोडांचा विभाजक वापरला. त्यात झिजणारे काही नव्हते, उलट प्रवाहाची भीती नव्हती, परंतु डायोड आपला जकातीचा वाटा म्हणून सुमारे ०.७ व्होल्ट ठेवून घेई, आणि १४.२ चे १३.५ होऊन पोचलेल्या दाबाने बॅटरी कधीच पूर्ण भरत नसे. दुसरे कारण तारेची काटकसर. हिशेब सांगतो: सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जाण्यायेण्याची मिळून दहा मीटर, आणि तिच्यातून तीस अँपिअर, तारेतच सुमारे ०.९ व्होल्ट खर्ची पडतात. सोळा चौरस मिलिमीटरची तार घातली तर हाच खर्च एक तृतीयांश व्होल्टवर येतो. कॅम्पर बांधणाऱ्याने वाचविलेल्या या थोड्या तांब्याची किंमत गाडीचा धनी वर्षानुवर्षे अर्धपोटी बॅटरीच्या रूपाने देत राहतो, आणि असल्या काटकसरीचा मला मनापासून राग येतो.

हे वाटेतले दोष शोधण्याची विद्या ज्या उपकरणाने सामान्य कारागिराच्या हाती आली ते ॲव्होमीटर, ब्रिटिश पोस्ट खात्यातील डोनाल्ड मॅकेडी या अभियंत्याने १९२३ च्या सुमारास सिद्ध केलेले. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम या तिन्ही मोजण्यांचे एकच यंत्र. त्या पिढीची पद्धत आजही जशीच्या तशी लागू पडते. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे टिपावेत. मग इंजिन सुरू करून दोन्हींवर पुन्हा पाहावे. पहिलीवर १४ च्या वर आणि दुसरीवर सकाळचाच आकडा, तर मधला दरवाजा उघडलेलाच नाही. पहिलीवर १४.३ आणि दुसरीवर १३.२, तर वीज निघते आहे पण वाटेत मारली जाते आहे. मग प्रवाह चालू असतानाच मीटरची टोके फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, रिलेच्या दोन खिळ्यांवर, टर्मिनलवर आणि शेवटी अर्थिंगच्या बोल्टवर ठेवीत जावे. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा एकदम घसरतो त्यांच्यामध्ये दोष दबा धरून असतो. तेथे तार सोलून पाहिली तर पितळी टोपणाखाली तांब्याच्या बटा हिरव्याकाळ्या पडलेल्या दिसतात; फ्यूज अखंड असतो, पण त्याच्या एका पात्यावर जळाल्याचा तपकिरी डाग आणि प्लास्टिकच्या घरट्याला वितळून आलेली किंचित सूज असते. असला फ्यूज ओहमच्या परीक्षेत बिनदिक्कत उत्तीर्ण होतो. प्रवाहावाचून घेतलेली परीक्षा या धंद्यात कुचकामाची आहे. दुसऱ्या बाजूचा पुरावा डिझेलवर चालणारा हीटर देतो: सुरू होताना त्याच्या तापकांडीला मिनिट-दोन मिनिटे आठ-दहा अँपिअर लागतात, विश्रांतीत १२.४ दाखविणारी जीर्ण बॅटरी तेवढ्या भाराखाली साडेदहाच्या खाली कोसळते, हीटर स्वसंरक्षणार्थ बंद पडतो, आणि ऐन थंडीत दुरुस्तीला जातो तो बिचारा हीटर.

आपल्याकडे कॅम्परची वहिवाट अलीकडची. महाराष्ट्र शासनाचे कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ सालचे. परंतु वीज न पोचलेल्या गावांतून रेडिओची बॅटरी चार्जिंगला तालुक्याच्या गावी धाडणारी पिढी आपल्याकडेही होऊन गेली, आणि ट्रकतळावर आर्मेचर भरून देणारा, पाण्याच्या पातळीवरून बॅटरीचे वय ओळखणारा ऑटो इलेक्ट्रिशियन हा त्याच विद्येचा अधिकारी पुरुष आहे. कॅम्परच्या या नव्या हौसेला आपल्याकडे त्याचाच आधार मिळेल.

सुखाचा काळ संपला तो धुराच्या आणि इंधनाच्या नव्या कायद्यांनी. युरोपात २००९ पासून युरो ५ आणि २०१४ पासून युरो ६ ही मानके टप्प्याटप्प्याने अमलात आली, कार्बन डायॉक्साइडवर स्वतंत्र मर्यादा आली, आणि मोटार बांधणाऱ्यांनी इंधनाचा थेंब न् थेंब वाचविताना अल्टरनेटरलाही लगाम घातला. हा स्मार्ट अल्टरनेटर इंजिनाच्या संगणकाच्या हुकमाने चालतो: उतारावर किंवा ब्रेक लावताना फुकटची गती मिळते तेव्हा तो दाब १५ व्होल्टपर्यंत चढवितो, आणि सपाट रस्त्यावर गाडी संथ धावत असली की १२.४ पर्यंत सैल सोडून देतो. इंजिनाची बॅटरी तो मुद्दामच पूर्ण भरत नाही; ब्रेकची वीज सामावून घेण्यास तिच्यात जागा राखतो. पहिल्या बॅटरीच्या दृष्टीने हा कारभार निर्दोष आहे. दुसरीचे मात्र यात कोणी मुखत्यार नाही. तांबड्या दिव्याच्या तारेवर चालणारा जुना रिले इंजिन चालू म्हणून दरवाजा उघडाच ठेवतो, आणि दाब उतरला की भरलेली दुसरी बॅटरीच पहिलीत रिती होऊ लागते. याहून चतुर असा दाब ओळखणारा रिले, जो सुमारे १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो, तो संथ रस्त्यावर तासन्‌तास दरवाजा बंद करून बसतो. दोन्ही द्वारपाल आपापल्या आज्ञा चोख पाळीत असतात. ज्या राजवटीसाठी त्या आज्ञा लिहिल्या होत्या ती राजवट तेवढी उरलेली नसते. २०१५ नंतरच्या किती गाड्यांतून निर्दोष रिले आणि निर्दोष बॅटऱ्या काढून फेकल्या गेल्या असतील, या विचाराने खेद होतो.

नव्या राजवटीचा इलाज म्हणजे बॅटरीपासून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर. पहिल्या बॅटरीकडून मिळेल त्या दाबाने वीज उचलावी आणि दुसरीला तिच्या प्रकृतीला मानवेल अशा १४.४ च्या स्थिर दाबाने द्यावी, हे त्याचे काम. याचेही स्वतःचे दोष आहेत. इंजिन चालू असल्याचा इशारा देणारी बारीक तार जोडावयाची राहिली, तर अनेक चार्जर जागेच होत नाहीत. दुसरीची ऋण तार पहिल्या बॅटरीच्या खांबालाच बांधली, तर तेथे बसलेल्या संवेदकाला वळसा पडतो आणि संगणकाचा सारा जमाखर्च चुकतो. ती गाडीच्या सांगाड्याला बांधावी.

एवढ्यात बॅटरीनेही जात बदलली. ऑस्टिनमधील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या चमूने १९९० च्या दशकात दाखविलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या गुणांवर उभी राहिलेली बॅटरी कॅम्परमध्ये शिरली. वजनाने हलकी, तळापर्यंत वापरता येणारी, आणि शिशाच्या बॅटरीसारखी प्रवाह आखडता न घेणारी. थेट रिलेने जोडली तर ती अल्टरनेटरकडून इतका प्रवाह ओढते की संथ फिरणाऱ्या इंजिनावर तो तापून जळू शकतो. शून्य अंशाखाली ती भरू नये. भरली तर आत धातुरूप लिथियम साचून तिची कायमची हानी होते, म्हणून तिच्यातील रक्षक मंडल थंडीत चार्जिंग तोडते, आणि हिमाच्या प्रदेशात पहाटे भरत नसलेली बॅटरी पुष्कळदा अगदी धडधाकट असते. विश्रांतीतही तिचा दाब १३.२ च्या वर असतो. म्हणजे १२.८ ला तोडणारा रिले तिच्या शेजारी ठेवला तर इंजिन बंद झाले तरी तो दरवाजा लावीतच नाही, कारण त्याच्या मते गाडी अजून चालूच आहे.

म्हणूनच जुन्या गाडीत नवा चार्जर बसविताना जाणता कारागीर आधी जुन्या रिलेचा माग काढतो. डॅशबोर्डमागे किंवा बैठकीखाली तो तसाच राहून गेला, तर चार्जरने दुसरीकडे पोचविलेली वीज त्याच जुन्या तारेने पहिलीकडे परतते, चार्जर ती पुन्हा उचलून पुढे पाठवितो, आणि शंभर मैलांनंतर चार्जर हाताला भाजण्याइतका तापलेला, पण बॅटरी होती तेथेच राहिलेली आढळते. ती जुनी तार दोन्ही टोकांना सोडवून, तिची टोके बंद करून मगच नव्या चार्जरचा फ्यूज बसवितात.